देवाबरोबर रोज चालताना

बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनोख नावाचा पुरुष 300 वर्षे देवाबरोबर चालला असे सांगितले आहे, आणि त्याच वाक्यात त्याला मुलेमुली झाल्याचीही नोंद आहे. देवाच्या सहवासासाठी संसार बाजूला ठेवावा लागतो असे मानणाऱ्यांनी हे वचन पुन्हा वाचावे.

रोजच्या प्रार्थनेसाठी व वाचनासाठी सुरुवातीला पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. मात्र वेळ आणि जागा ठरलेली असावी व मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. येशू अंधार असतानाच उठून एकांती प्रार्थनेला गेला, तर बायबलमधील संदेष्टा दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. त्यामुळे पहाटच हवी असा हट्ट नको.

वाचनासाठी मार्कचे शुभवर्तमान, म्हणजे येशूचे जीवन सांगणारे बायबलमधील पुस्तक, घ्यावे. त्याचे 16 अध्याय आहेत, पण ते लवकर संपवण्याची घाई करू नये. उदाहरणार्थ, दहाव्या अध्यायाच्या शेवटी आंधळा बार्तीमय येतो. लोक त्याला गप्प राहायला सांगतात, तो अधिकच मोठ्याने ओरडतो, येशूने बोलावताच अंगावरचे वस्त्र टाकून उठतो, आणि डोळ्यांनी दिसत नाही हे उघड असूनही येशू त्याला विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे? येथे पुस्तक मिटून तोच प्रश्न आपल्याला विचारला आहे असे समजावे व खरे उत्तर द्यावे, मग ते भक्तिभावाच्या भाषेत न बसणारे का असेना. ठरावीक, गोड शब्दांची प्रार्थना रोज म्हणण्यापेक्षा हे अवघड आहे. कुरकुर करावीशी वाटली तर बायबलच्या स्तोत्रसंहितेतील 88वे स्तोत्र काढावे. ते अंधारातच संपते, तरीही पवित्र शास्त्रात त्याला जागा आहे.

दिवसभरात लांब प्रार्थनेची गरज नसते. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या एका मठाच्या स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स भांड्यांच्या गडबडीतही देवाचे सान्निध्य अनुभवत असत. आपणही कठीण फोन उचलण्याआधी ‘प्रभू, मला सांभाळ’ एवढे म्हणू शकतो.

रात्री झोपण्यापूर्वी दिवस आठवावा. ‘माझ्या पापांची क्षमा कर’ असे मोघम म्हणण्याऐवजी कोणाला काय बोललो, कोणते काम अंगचोरपणे केले, हे नाव घेऊन कबूल करावे. कोणाशी बिनसले असेल तर वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याची येशूची आज्ञा (मत्तय 5:23–24) शब्दशः पाळावी. माझ्या मते पुष्कळांची प्रार्थना अडते ती इथेच, आणि आपण मात्र दोष वेळेच्या अभावाला देतो.

एखादा दिवस चुकला तर राहिलेले अध्याय भरून काढू नयेत. आजचा उतारा घेऊन पुढे जावे. मन कोरडे पडले असता मंडळीतील (चर्चमधील) उपासना व प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, टाळू नये, आणि विश्वासातील एखाद्या जाणत्या व्यक्तीला आपली अवस्था सांगून आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करावी.