दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

नकाशावर पट्टी ठेवून लांबचं अंतर मोजू नका. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की तो जिथून जातो, तीच सर्वांत जवळची वाट. तिला बृहद्वृत्त म्हणतात. टोकियोचा नारिता विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्को घ्या. दोन्हींचे अक्षांश जवळजवळ सारखे, त्यामुळे नाकासमोर पूर्वेला जावं असं वाटतं. त्या वाटेनं सुमारे ८,६७० किमी पडतात. बृहद्वृत्त उत्तरेला ४८ अंशांपर्यंत चढतं आणि तरीही ८,२३० किमीतच पोचतं.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात आणा. सर्वाधिक चुका इथेच होतात: ३५ अंश ४६ मिनिटं म्हणजे ३५.४६ नव्हे, ४६ ला ६० नं भागायचं, म्हणजे ३५.७७. नारिता ३५.७७ उत्तर, १४०.३९ पूर्व, सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. एक रेखांश पूर्व आणि एक पश्चिम असल्यानं बेरीज करायची: २६२.७७. ती १८० च्या वर गेली, म्हणून ३६० मधून वजा करून ९७.२३ घ्या. दक्षिण अक्षांश असेल तर उणे चिन्ह लावा.

कोसाइन (कोन) = साइन अ१ × साइन अ२ + कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन (रेखांशांतला फरक)

अ१ आणि अ२ हे अक्षांश. उत्तर ०.२७६, त्याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घेतला की कोन ७४ अंश. गोलावरचा एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणून कोनाला १११.२ नं गुणा: सुमारे ८,२३० किमी. आकडा भलताच आला तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे का ते पाहा. एक्सेल तर कोन रेडियनमध्येच घेतं.

आता वेळ. मोठं जेट विमान स्थिर उंचीवर ताशी ९०० किमीच्या आसपास जातं: ९ तास ९ मिनिटं. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी अर्धा-पाऊण तास वाढवा. पण खरा फरक पाडतो तो वारा. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. सरासरी ताशी १०० किमीचा वारा पाठीशी असेल तर हवेतले ८ तास १४ मिनिटं, समोरून असेल तर १० तास १७ मिनिटं. म्हणून जाण्याच्या वेळेवरून परतीची वेळ कधीच धरू नका.

तिकिटावरच्या दोन वेळा थेट वजा करणं ही आणखी एक नेहमीची चूक, कारण दोन्ही वेळा स्थानिक असतात. त्या आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत, आणा. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून टोकियोहून संध्याकाळी ५ म्हणजे यूटीसी सकाळचे ८. साडेनऊ तासांनी यूटीसी १७:३०. हिवाळ्यात त्यातून ८ वजा केले की सॅन फ्रान्सिस्कोत त्याच तारखेचे सकाळचे साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथं ७ वजा करायचे. टोकियोचं घड्याळ बारा महिने तेच राहतं.