उत्क्रांती आणि आदाम: ख्रिस्ती श्रद्धेत दोन्हींची सांगड कशी घालावी

कागदावर दोन रकाने आखा. एका रकान्यात विज्ञानाचे पक्के निष्कर्ष लिहा: होमो सेपियन्सचे जीवाश्म सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातात. चिंपांझीत गुणसूत्रांच्या 24 जोड्या असतात, आपल्यात 23, कारण आपले दुसरे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे जोडून झाले आहे. दुसऱ्या रकान्यात तुमची मंडळी ज्याला श्रद्धेचा गाभा मानते तेवढेच येऊ द्या: देव निर्माता आहे, मनुष्य त्याचे प्रतिरूप आहे, पाप खरे आहे, तारण ख्रिस्तात आहे.

'देवाने सहा दिवसांत जग निर्माण केले' हे शब्दशः गाभ्यात बसवले की पुढचे सगळे अडते. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी येतो. त्याआधीचे तीन दिवस सूर्याविना कसे, हा प्रश्न ओरिजेन या आद्य ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकातच मांडला होता. म्हणजे ही डार्विनच्या धास्तीने शोधलेली पळवाट नव्हे. इथे फार वेळ घालवू नका.

खरी गाठ आदामाची आहे. रोमकरांस पत्र 5:12 म्हणते, एका माणसाच्या द्वारे पाप जगात आले. आपल्यातले जनुकीय वैविध्य मात्र सांगते की या 3 लाख वर्षांत आपले पूर्वज कधीच फक्त दोघे नव्हते, हजारोंनी होते. यावर तीन वाटा आहेत; एकच निवडा.

पहिली, आमच्या मते सर्वांत भक्कम: आदाम-हव्वा खरे जोडपे, पण भोवती इतर माणसे होती. वंशवृक्षात 30 पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या 107 कोटी जागा होतात; तेवढी माणसे तेव्हा नव्हतीच, म्हणजे एकच माणूस अनेक जागी येतो. त्यामुळे वंशावळी एकमेकींत मिसळतात आणि एक जोडपे काही हजार वर्षांत सगळ्यांचे पूर्वज होऊ शकते. त्यांचा डीएनए आपल्यात उरलाच पाहिजे असे नाही. आदामाचा मुलगा काइन याची बायको आणि त्याने वसवलेले नगरही इथे सहज बसते. अडचण एकच, पण मोठी: बागेबाहेरची माणसे देवाचे प्रतिरूप होती का? याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी: देवाने अनेकांतून आदामाला मानवजातीचा प्रतिनिधी नेमले. तिसरी: आदाम हे प्रतीक आहे. विज्ञानाला ही सोपी, पण मग रोमकरांस पत्रातली पौलाची आदाम-ख्रिस्त तुलना (एकाद्वारे पाप, एकाद्वारे तारण) कशावर उभी राहते ते सांगावे लागेल. कॅथलिकांनी जास्त जपावे: 1950 मध्ये पोप बारावे पायस यांनी शरीराच्या उत्क्रांतीवर चर्चेची मुभा दिली, पण आत्मा थेट देव निर्माण करतो हे कायम ठेवले आणि अनेक आद्य मातापित्यांची कल्पना मूळ पापाशी (आदामापासून सगळ्यांत उतरलेल्या पापाशी) कशी जुळेल ते दिसत नाही, असे म्हटले.

दोन चुका टाळा. 'मायटोकॉन्ड्रियल ईव्ह', म्हणजे आजच्या सगळ्या माणसांची आईकडची वंशरेषा जिच्यापाशी एकत्र येते ती स्त्री, ही हव्वा नव्हे. तिच्या काळी हजारो स्त्रिया होत्या. आणि विज्ञानाला अजून न उलगडलेल्या जागी देवाला बसवू नका. ती जागा भरली की श्रद्धा हलते.

पापाआधी मृत्यू कसा, हे कुणीतरी विचारेलच. उत्पत्ती 2:17 उघडा: फळ खाशील त्या दिवशी मरशील. 5:5 मध्ये आदाम 930 वर्षे जगतो. म्हणून तिथला मृत्यू आधी देवापासूनचा दुरावा आहे, असे वाचता येते, आणि जीवाश्मांतले प्राण्यांचे मरण या वचनाच्या आड येत नाही.