सेन्सर बदलण्याआधी पातेलंभर पाणी तापवा

जुनी पेट्रोल गाडी काळा धूर सोडते, ॲव्हरेज घसरलंय, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते? आधी कूलंट टेंपरेचर सेन्सर तपासा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं (कूलंटचं) तापमान गाडीच्या कंप्युटरला कळवणारा सेन्सर. तो थर्मोस्टॅटजवळ (कूलंटची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपेजवळ) असतो, बहुतेकदा दोन वायरींचा. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचा सेन्सर वेगळा असू शकतो, गल्लत करू नका.

1. रात्रभर उभ्या गाडीची चावी बंद ठेवून कनेक्टर काढा. पिनांवर हिरवट गंज दिसला तर आधी साफ करा. अनेकदा दोष तिथेच असतो.
2. मल्टिमीटरने सेन्सरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना सुमारे 2.5 किलोओहम येतो. सोलापुरात मे महिन्यात पहाटेही इंजिन 28-30 अंशांवर असतं, तेव्हा 1.7 किलोओहमच्या आसपास दिसला तर तो बरोबरच आहे.
3. सेन्सर काढून टोक पाण्यात बुडवा आणि पाणी तापवा. आकडा सलग उतरत 80 अंशांना 300-350 ओहमवर यायला हवा. मध्येच उडी मारली किंवा अडकला तर सेन्सर गेला.
4. सेन्सर ठीक निघाला तर चावी ऑन करून कनेक्टरच्या दोन पिनांत सुमारे 5 व्होल्ट येतात का बघा. नसतील तर वायरिंगमधला दोष शोधा.

गरम इंजिनवर सेन्सर कधीही उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.