मीठ कमी, आयोडीन पुरेसं: घरच्या घरी हिशेब कसा ठेवावा

मिठाचा नवा पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख लिहा. पहिली पायरी एवढीच. आपण किती मीठ खातो हे चवीवरून कळत नाही, कारण जिभेला सवय झालेली असते. तारीख मात्र खरं सांगते.

पुडा संपला की दिवस मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. चार मोठ्या माणसांचे झाले २० ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा निदान ५० दिवस जायला हवा. महिन्याभरातच तळ दिसला, तर माणशी ८ ग्रॅमच्या वर चाललंय. माशांना चोळून धुऊन टाकलेलं मीठ यातून वजा करा. पण लोणचं, पापड, फरसाण, पाव या हिशेबात आलेलेच नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आता हात आखडायचा, पण हळूहळू. भातात आणि कणकेत मीठ घालणं आधी थांबवा. आमटी-भाजीचं मीठ त्याला पुरतं. पानात डावीकडे मीठ वाढायची पद्धत सोडवत नसेल तर सणावारापुरती ठेवा, रोज लिंबाची फोड वाढा. ताकात जिरेपूड, आमटीत आमसूल वाढवलं की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. बाजारच्या पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणा: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.

मीठ कमी करताना आयोडीन मात्र हातचं जाऊ देऊ नका. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं आणि गलगंडाचं प्रमाण घटलं. १९६२ मध्ये त्यातूनच राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. प्रश्न फक्त गळ्याच्या गाठीचा नाही. गरोदरपणी आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. घरात कुणी गरोदर असेल तर या भागाकडे अजिबात दुर्लक्ष करू नका.

मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. घरी पोचलेल्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम असायला हवं. तेवढंच असेल तर ५ ग्रॅममधून ७५ मायक्रोग्रॅम मिळतं. उरलेलं दूध, अंडी, मासे यांतून भरून काढायचं. सैंधव किंवा मिठागरावरचं खडे मीठ 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या स्वयंपाकात वापरणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं: समुद्राचं असलं तरी त्या मिठात आयोडीन नगण्य असतं. पुड्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का, ते वाचूनच घ्या.

आणलेलं मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवा. ओला चमचा घालू नका. ओल, उष्णता आणि ऊन यांनी आयोडीन घटतं. याच कारणाने शक्य तिथे मीठ स्वयंपाकाच्या शेवटी घाला.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर आयोडीनयुक्त मीठ स्वतःच्या मनाने बंद करू नका. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.