विजेवर धावणारी रेसिंग हायड्रोप्लेन: बांधणी आणि जोडणी

हायड्रोप्लेन ही शर्यतीची नाव वेगात असताना पाण्याला फक्त तीन ठिकाणी टेकते: पुढच्या दोन स्पॉन्सनच्या (नावेच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या, तिला तोलून धरणाऱ्या भागांच्या) मागच्या कडा आणि शेपटाकडचा अर्धा बुडालेला प्रोपेलर. १९५० साली सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर ‘स्लो-मो-शन ४’ या नावेने ताशी १६० मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला, तो याच रचनेच्या जोरावर. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या प्रतिकृतीलाही तोच नियम लागू आहे. त्यामुळे मोटर किती मोठी घ्यावी याचा विचार करण्याआधी हे तीन बिंदू एकमेकांशी किती अचूक जुळतात याचा विचार करावा, कारण वाकड्या नावेला जास्त ताकद दिली तर ती फक्त लवकर उलटते.

येथे सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीची, चार सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर चालणारी लाकडी नाव गृहीत धरली आहे. आडव्या चौकटींसाठी ३ मिलिमीटर जाडीचे आणि आवरणासाठी त्याहून पातळ बर्च प्लायवूड घ्यावे. सांगाडा हातात धरून कधीही चिकटवू नये. जाड एमडीएफचा सपाट तुकडा घेऊन त्यावर मध्यरेषा आखावी, प्रत्येक चौकट गुणियाने काटकोनात उभी करावी आणि दोन्ही कर्ण मोजून सारखे आल्यावरच इपॉक्सी लावावे. आतले लाकूड बंद होण्यापूर्वी पातळ इपॉक्सीचा हात द्यावा आणि रिकाम्या कप्प्यांत फोम भरावा, म्हणजे नाव उलटली तरी बुडणार नाही. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात हे काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: दमट हवेत काही इपॉक्सींवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर किंवा रंग नीट धरत नाही.

सर्वाधिक वेळ स्पॉन्सनच्या तळाला द्यावा. या तळाचा पाण्याशी असलेला कोन साधारण दोन ते चार अंशांचा असतो आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच हवा. नाव जाड काचेवर ठेवावी, शेपूट योग्य उंचीच्या ठोकळ्यावर टेकवावे आणि दोन्ही मागच्या कडांखाली कागदाची पट्टी सरकवून पाहावी. एका बाजूला पट्टी अडकत असेल आणि दुसऱ्या बाजूला मोकळी फिरत असेल, तर तेवढा फरकही वेगात नावेला एका अंगावर झुकवण्यास पुरेसा असतो. यानंतर कडा पाहाव्यात. गोलसर कडेवरून पाणी सुटत नाही, ते कडेला चिकटून वर वळते आणि नावेला मागे ओढते. म्हणून कडेवर घट्ट केलेल्या इपॉक्सीची बारीक रेघ द्यावी आणि ती वाळल्यावर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिशपेपरने घासावी. नख आडवे फिरवल्यावर धार स्पष्ट जाणवली पाहिजे. नुसत्या बोटांनी पेपर धरून घासल्यास कडा पुन्हा गोल होते, हे विसरू नये.

मॉडेल बोटींच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे वळत होतात, तर अमेरिकेतल्या मोठ्या हायड्रोप्लेन डावीकडे वळतात. छायाचित्र पाहून प्रतिकृती करणाऱ्यांनी म्हणूनच वळणाचे पाते डाव्या नव्हे, उजव्या स्पॉन्सनवर बसवावे. हे पाते पाण्यात रुतून वळणावर नावेला बाहेर घसरू देत नाही. त्याची पुढची कडा कानशीने धारदार करावी आणि ते नावेच्या मध्यरेषेशी समांतर आहे याची खात्री करावी.

मोटर ३६ मिलिमीटर व्यासाची, पाण्याने थंड होणारी ब्रशलेस घ्यावी. तिचे केव्ही मूल्य, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे, २००० असेल, तर १४.८ व्होल्टवर भाराविना मिनिटाला २९,६०० फेरे होतात, आणि एवढ्या आकाराच्या नावेला ते योग्य आहेत. मोटरपासून प्रोपेलरपर्यंत लवचिक तारेचा शाफ्ट पितळी नळीतून जातो. नळीला एकच सौम्य बाक असावा आणि आत टेफ्लॉनचे अस्तर असावे. भार येताच हा शाफ्ट पिळला जाऊन आखूड होतो, म्हणून प्रोपेलरच्या लगेच पुढे शाफ्टवर बसणारा, प्रोपेलरला फिरवणारा तुकडा (ड्राइव्ह डॉग) आणि शाफ्टचे मागचे टोक धरणारा आधार (स्ट्रट) यांच्यात सुमारे ३ मिलिमीटर फट ठेवावी. ती न ठेवल्यास डॉग स्ट्रटवर घासतो आणि मोटर विनाकारण तापते. स्ट्रट प्रथम तळाशी समांतर बसवावा. पुढे तो खाली घेतल्यास शेपूट उचलले जाऊन नाक खाली येते आणि वर घेतल्यास नाक उचलते. बदल एका वेळी अर्ध्या ते एक मिलिमीटरचाच करावा.

मोटरचा वेग नियंत्रित करणारा स्पीड कंट्रोलर पाण्याने थंड होणारा, किमान १२० अँपिअरचा असावा. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यातल्या तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, कारण लांब तारांमुळे विद्युतदाबाचे हेलकावे वाढून कंट्रोलरमधले कपॅसिटर जळतात. अंतर वाढवणे भागच असेल, तर ते मोटरच्या बाजूच्या तारांत वाढवावे. डाख देताना जोड चकचकीत आणि भरीव दिसला पाहिजे. सुकाणूमधून घेतलेले पाणी आधी कंट्रोलरमधून, मग मोटरमधून नेऊन बाजूने बाहेर सोडावे, म्हणजे किनाऱ्यावरून त्याची धार दिसते. रिसीव्हर जलरोधक डबीत ठेवावा आणि त्याची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर उभी करावी. कार्बन फायबर लहरी अडवते, हे त्या कापडाने नाव मजबूत करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

बॅटरी पुढे-मागे सरकवता येईल अशा पट्टीवर वेल्क्रोने बांधावी. सर्व सामान भरल्यावर तोलबिंदू स्पॉन्सनच्या मागच्या कडेच्या थोडा मागे यावा. नेमके अंतर आराखड्यात दिलेले असते आणि सुरुवातीला तेच पाळावे. वजन फार मागे गेले की दोन स्पॉन्सनच्या मधल्या बोगद्यात शिरलेली हवा नाव उचलून मागे उलटवते.

पाण्यावर जाण्यापूर्वी प्रोपेलर काढून मोटरची दिशा पाहावी, ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते का ते तपासावे आणि न थांबल्यास फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मोटर आपोआप बंद करणारी सोय) पुन्हा बसवावा. पहिल्या फेरीसाठी लहान प्रोपेलर, उदाहरणार्थ ४२ मिलिमीटरचा, संतुलित करून आणि धार लावून घ्यावा. ४५ मिलिमीटरचा मोह टाळावा: फेरे तेवढेच राहिले तर लागणारी शक्ती तत्त्वतः व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते, म्हणजे ७ टक्के मोठ्या व्यासासाठी सुमारे ४० टक्के जास्त. पोहणारे आणि पक्षी नसलेले शांत पाणी निवडावे, एका मिनिटानंतर नाव परत आणून मोटर, कंट्रोलर व बॅटरीला हात लावून पाहावा. हात ठेवता येत नसेल इतके काही तापले असेल, तर आधी प्रोपेलर आणखी लहान करावा.

बॅटरीत किमान वीस टक्के भार शिल्लक असतानाच फेरी संपवावी. घरी आल्यावर लवचिक शाफ्ट बाहेर ओढून पुसावा, नवे ग्रीस लावावे आणि झाकण उघडे ठेवून नाव वाळू द्यावी. बॅटरी थंड झाल्यावर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून नावेबाहेर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावी.