शाफ्टचे कोन मोजायचेत? आधी चेसिसखालच्या घोड्या काढा

गाडी वेगात थरथरत असेल तर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या एक्सलला नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे, कोन बघावे लागतात. त्याआधी टायरचं बॅलन्सिंग आणि क्रॉसचा (शाफ्टच्या टोकांच्या वळत्या सांध्यांचा) खेळ तपासला असेलच. नसेल तर आधी ते. ढिला क्रॉस ठेवून कोन जुळवायला बसलात तर रविवार वाया जाईल.

मी जुन्या जीपचे मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) उंच करून घेतले आणि साठच्या पुढे सीटखाली थरथर सुरू झाली. मग चेसिसखाली घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावल्या, चाकं अधांतरी, आणि निवांत पडून मापं घेतली. तिथंच माती खाल्ली. एक्सल लोंबकळला की पिनियन (एक्सलचं शाफ्टला जोडलेलं टोक) खाली जातो, शाफ्टचा उतार वाढतो. ते माप रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचं नसतंच. वजन एक्सलवर, चाकांवर असतं तसंच हवं. खाली शिरायला जागा नसेल तर खड्ड्यावर घ्या, नाहीतर घोड्या एक्सलखाली द्या. चेसिसखाली नाही!

चाकांना दगड लावा. शाफ्ट उतरवला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते, आणि हँडब्रेक शाफ्टवरचा असेल तर तोही गेला.

शाफ्ट उघडण्याआधी स्लिपच्या (शाफ्टच्या आतबाहेर सरकणाऱ्या जोडाच्या) दोन्ही भागांवर रंगाची खूण करा. एक क्रॉस प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा कमीजास्त करतो. दुसरा तो हिशेब फेडतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच.

चुंबकाचा डिजिटल कोनमापक घ्या, मोबाइलवरही भागतं. तीन मापं: गिअरबॉक्सकडचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती), शाफ्ट, पिनियनचा फ्लँज. चिखल खरवडून काढा. जमीन थोडी उताराची असली तरी हरकत नाही, फक्त मधेच गाडी हलवू नका. आणि हो, चाकं टेकलीत ना, नाहीतर घोड्या एक्सलखालीच आहेत ना? पुन्हा बघा.

समजा गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरतोय आणि शाफ्ट ६, तर पुढचा कोन ३. मागेही तेवढाच हवा, म्हणजे पिनियनचं नाक ३ अंश वर. पण पाट्यांच्या गाडीत जोर पडला की नाक आणखी उचलतं, म्हणून २ वर ठेवा. कोन ३च्या आसपास राहू द्या. अगदी शून्यही नको, क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया (बारीक रोलर) हलल्याच नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात.

नाक उचलायला पाटे आणि एक्सलच्या मध्ये पाचर (एका बाजूला जाड पट्टी): पाटे एक्सलखाली असतील तर जाड बाजू पुढे, वर असतील तर मागे. मी घाईत उलटी बसवली होती, तो वेगळाच तमाशा. पाट्यांमधला सेंटर बोल्ट लांब लागेल, पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट नवे घ्या.

मग गाडी खाली, थोडी फिरवून आणा म्हणजे पाटे बसतील, आणि परत मोजा. चाकांवर! स्लिप पुरेशी आत आहे का, ब्रेकचा पाइप ताणला नाही ना, ग्रीस भरलंय ना, तेही बघा. शंभरेक किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळा.