शिकागोत सगळ्या गोतावळ्याला डीप डिश खायला न्यायचंय?

मे-जूनमध्ये भारतातून आई-बाबा येतात, मागोमाग न्यू जर्सीची बहीण मुलांना घेऊन उतरते, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विषय काढतंच की शिकागोला आलोय तर तो जाडजूड पिझ्झा खायला हवा. दोघंच असाल तर गाडी काढा नि जा. दहा-बारा जण असले की मात्र तयारी लागते, आणि ती खाण्याची कमी, थांबण्याची जास्त. डीप डिश भट्टीत अर्धा ते पाऊण तास असतो. त्याआधी टेबल मिळायची वाट, नंतर ऑर्डरवरची चर्चा. हा सगळा वेळ भुकेली मुलं आणि डायबेटिसच्या गोळ्या घेणारे आजोबा यांना सांभाळत काढायचा असतो. म्हणून यादी करताना ‘किती वाजता कुणाच्या पोटात काय असेल’ इथूनच सुरुवात करावी.

आधी जागा ठरवा. डीप डिश सुरू झाला तो ओहायो स्ट्रीटवरच्या पिझ्झेरिया उनोत, 1943 साली. पाहुण्यांना नेमकं तिथेच जायचं असतं. हौस रास्त आहे, पण ती जागा जुन्या घरातली, अडचणीची, आणि भर शहरातल्या पार्किंगचे पैसे भरताना पिझ्झा स्वस्त वाटायला लागतो. चौघं असाल तर जरूर जा, रेड लाइनच्या लोकल ट्रेनने ग्रँड स्टेशनला उतरलं की जवळच आहे. मोठा गट असेल तर माझं मत सरळ शहराला लागूनच असलेल्या लिंकनवुडच्या लू मालनाटीज या पिझ्झ्याच्या दुकानाला. दुकानाला ज्याचं नाव, त्या लू मालनाटीचे वडील उनोत काम करायचे. लूने 17 मार्च 1971 ला, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेला, स्वतःचं दुकान उघडलं. इटालियन माणसाने ज्यू वस्तीत आयरिश सणाच्या दिवशी मुहूर्त केला, हा किस्सा मालनाटींच्या घरचे लोक अजून रंगवून सांगतात. पुढे शाखा खूप निघाल्या, तरी ही पहिली. आणि आपल्या सोयीचा भाग म्हणजे डेव्हन अव्हेन्यू, भारतीय दुकानांचा रस्ता, तिथून गाडीने पाच-दहा मिनिटांवर. आईला साड्यांची दुकानं बघायची असतात, पटेल ब्रदर्समधून कढीपत्ता घ्यायचा असतो, ते सगळं त्याच फेरीत होतं. फक्त दोन पथ्यं पाळा: डेव्हनवर चाट खाऊ नका, आणि उन्हाळा असेल तर डिकीत आइसबॉक्स ठेवा, नाहीतर तुम्ही जेवत असताना पनीर नि दही गाडीत आंबेल.

तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडर दोनदा बघा. एकदा कामाचं आणि एकदा कालनिर्णय. चतुर्थी-एकादशी निघाली तर एक आजी पाण्याचा ग्लास समोर ठेवून बसते आणि सगळ्यांना अपराधी वाटत राहतं. शनिवारी सात वाजता जाऊ नका. रविवारी साडेचार-पाचला जा: गर्दी कमी, मुलं ताजी, आणि आजी-आजोबांचं रात्रीचं जेवणही वेळेत होतं. दोन-तीन दिवस आधी फोन करा. माणसं किती, त्यात हाय चेअर किती, पायऱ्या आहेत का, सगळ्यांना एक टेबल नाही मिळालं तर शेजारशेजारची दोन मिळतील का, एवढं विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचं: टेबलाची वाट बघत असतानाच पिझ्झ्याची ऑर्डर घेतात का? डीप डिशवाल्या बऱ्याच ठिकाणी घेतात. ‘हो’ म्हणाले की तुमचा अर्धा तास वाचला.

म्हणजे ऑर्डर घरीच ठरायला हवी. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेन्यू टाकून ‘कुणाला काय?’ असं विचारू नका, बारा जणांचे चाळीस मेसेज येतील. एकाने ठरवावं, बाकीच्यांनी फक्त काय खात नाही तेवढं सांगावं. हिशोब सोपा आहे. चौदा इंची मोठा डीप डिश चार मोठ्या माणसांना पुरतो, बारा इंची तिघांना, नऊ इंची दोघांना. दिसायला कमी वाटतो, पण दोन तुकड्यांत भलाभला खवय्या हात टेकतो. आठ मोठे आणि चार मुलं असतील तर दोन मोठे डीप डिश आणि एक मोठा पातळ क्रस्टचा, म्हणजे पातळ पोळीचा. पातळ मुद्दाम मागवा. तो लवकर येतो, चौकोनी तुकड्यांत कापलेला असतो, मुलांच्या हातात मावतो, आणि खरं सांगायचं तर इथली जुनी मंडळी एरवी घरी तोच मागवतात. सोबत एखादं मोठं सॅलड घ्या. ब्रेडचे प्रकार अजिबात नकोत, पुढे मैदा भरपूर येणार आहे.

शाकाहारी मंडळींचं मात्र नीट बघावं लागतं. मालनाटीजचा ‘द लू’ म्हणजे पालक, मशरूम आणि टोमॅटो घातलेला; आपल्याकडच्या बहुतेकांना तोच आवडतो. ‘शिकागो क्लासिक’मध्ये सॉसेज असतं, म्हणजे डुकराचं मांस. आणि खरी मेख ‘क्रस्टलेस’मध्ये आहे. डाएटवाला भाचा तो बघून खूश होतो, पण तिथे क्रस्टच्या जागी तळाला सॉसेजचाच थर असतो. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर सॉसबद्दल फोनवरच विचारून ठेवा. चीज करताना दूध साकळवायला घालतात त्या रेनेटचंही तसंच: रोमानोसारख्या चीजमध्ये ते बऱ्याचदा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं असतं, कुणी काटेकोर असेल तर आधी चौकशी करा. अर्धा शाकाहारी, अर्धा मांसाहारी असा एकच पिझ्झा घेऊ नका. वेगळे मागवा, वाढायला चमचेही वेगळे मागा. शेवटी येणारी तव्यातली गरम चॉकलेट चिप कुकी मुलं सोडणार नाहीत. अंडं न खाणाऱ्यांसाठी नुसतं आइस्क्रीम विचारून बघा.

निघताना पिशवीत काय? आजीची शाल किंवा स्वेटर, जुलै असला तरी, कारण आतला एसी बोचतो. औषधाच्या डब्या. वाट बघण्याच्या काळासाठी छोट्यांना केळी, खाकरा, रंगीत खडू. आठ वर्षांखालच्या प्रत्येक मुलासाठी इलिनॉयमध्ये कायद्याने कार सीट किंवा बूस्टर लागतो, त्यामुळे कोण कुठल्या गाडीत हे आदल्या रात्रीच ठरवा. दारात उभं राहून सीट्सची अदलाबदल करायला लागलात तर वीस मिनिटं गेलीच. बसल्या बसल्या पाणी बर्फाशिवाय मागा.

पिझ्झा येतो तो काळ्या खोलगट तव्यासकट. थालीपीठ थापावं तसं पीठ बोटांनी तव्याच्या कडेपर्यंत चढवलेलं असतं. त्यावर चीज, मग बाकीचं सारण, आणि सगळ्यात वर टोमॅटोचा जाडसर सॉस. क्रम उलटा वाटतो, पण इतका वेळ भट्टीत राहायचं तर चीज वर ठेवून चालत नाही, करपतं. पहिला तुकडा वाढणारा उचलतो तेव्हा चीजची दोरी हातभर ताणली जाते, त्या क्षणी सगळे मोबाइल बाहेर येतात. फोटो काढा, पण तवा मुलांपासून लांब सरकवा, तो बराच वेळ चटका देतो. काटा-सुरीनेच खायचंय हे आजोबांना आधी सांगून ठेवा. हाताने उचलला तर सॉस सदऱ्यावर.

बिलावरून होणारी ओढाताण टाळायची असेल तर एकाने आत शिरतानाच कार्ड देऊन ठेवावं, नंतर आपसात वाटून घ्यावं. वेगवेगळी बिलं हवी असतील तर ते ऑर्डर देण्याआधी सांगायचं, नंतर नाही. मेन्यूतल्या किमतीवर दहा टक्क्यांहून जास्त कर आणि अठरा ते वीस टक्के टीप धरून बजेट करा. मोठ्या गटाच्या बिलात कधीकधी टीप आधीच लावलेली असते. ती ओळ वाचा, मगच रकमेचा रकाना भरा.

उरलेलं बांधून घ्या, उरतंच. घरी मायक्रोवेव्हमध्ये ठेवलात तर क्रस्ट चिवट होतो. जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून दहा मिनिटं द्या, मग खालून पुन्हा खुसखुशीत होतो. आणि बहीण न्यू जर्सीला परत गेल्यावर ‘पुन्हा खावासा वाटतोय’ म्हणाली, तर मालनाटीजवाले गोठवलेले पिझ्झे देशभर पाठवतात. पत्ता आधीच विचारून ठेवा.